रेनोव्हेट बॉट: छोट्या टीमनं लावावा का? नागपूरहून एक रिव्ह्यू

रेनोव्हेट म्हणजे प्रोजेक्टमध्ये वापरलेल्या पॅकेजच्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, नव्या आवृत्त्या शोधून त्यांचे अपडेट समोर आणणारा बॉट. आधीच सांगून टाकतो, लावा. टीम चार-पाच जणांची आहे, क्लायंटचे जुने-नवे बरेच प्रोजेक्ट अंगावर आहेत आणि पॅकेज अपडेट करायला वेगळा माणूस ठेवणं परवडत नाही, अशा लोकांसाठी रेनोव्हेटएवढं कामाचं टूल मला दुसरं दिसलं नाही. अट एकच, टेस्ट पाहिजेत, म्हणजे आपला कोड नीट चालतो का ते आपोआप तपासणारा कोड. थोड्या असल्या तरी चालतील पण खऱ्या पाहिजेत, नुसत्या हिरव्या (पास) दिसाव्या म्हणून लिहिलेल्या नको. आता सविस्तर लिहितो, कारण मराठीत या विषयावर फारसं वाचायला मिळत नाही आणि आपल्याकडे छोट्या छोट्या टीम किती आहेत ते आयटी पार्कला एक चक्कर मारली तरी कळते.

आमचं ऑफिस परसोडीच्या बाजूला. कामं सगळी विदर्भातलीच, कळमन्यातल्या अडत्याचं बिलिंग आणि हिशेबपट्टी, कोल्ड स्टोरेजचा स्टॉक, शाळांची फी, एका पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट. मागे सर्व्हरच्या बाजूला जँगो (पायथनचं), समोर स्क्रीनला रिअ‍ॅक्ट, खाली डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस, आणि सगळं डॉकरमध्ये (प्रत्येक भाग आपापल्या डब्यात बंद). म्हणजे आम्ही जे विकतो त्यात आमचा स्वतःचा कोड मूठभर आहे, बाकीचा जगभरातल्या लोकांनी लिहून फुकट ठेवलेला. रिअ‍ॅक्टच्या साध्या प्रोजेक्टमध्ये आपण हातानं तीस-चाळीस पॅकेजची नावं लिहितो, पण लॉकफाइल (खरोखर बसलेल्या सगळ्या पॅकेजची यादी) उघडून पाहा, आकडा हजाराच्या घरात जातो, कारण आपल्या पॅकेजला दुसरं लागते, त्याला तिसरं, तिसऱ्याला आणखी चार, आणि यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा आपण कधी ऐकलेली नसतात.

आणि या हजारांकडे लक्ष द्यायचे पैसे कोणी वेगळे देत नाही. क्लायंट म्हणतो, चालून राहिलं नं भाऊ, मंग काहून हात लावता? त्याच्या जागी तो बरोबर आहे. पण हात न लावता ठेवलं तरी मुदती संपत राहतात. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, जँगो ३.२ चा एप्रिल २०२४ मध्ये संपला, पोस्टग्रेसवाले प्रत्येक मोठी आवृत्ती साधारण पाच वर्षं सांभाळतात आणि मग थांबतात. त्याच्यानंतर सिक्युरिटीचं जे भोक सापडेल ते बुजवून द्यायला कोणी येत नाही, आणि त्या दिवशी चार वर्षांचे राहिलेले अपडेट एकदम करायला बसलं की काय कशामुळे तुटलं हेच सापडत नाही.

२०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजेचं जे झालं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. लॉग (प्रोग्रॅमच्या कामाच्या नोंदी) लिहायची एक जावा लायब्ररी, तिच्याकडून एका ठराविक पद्धतीचा मजकूर लॉग झाला की बाहेरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवता येत होता. मोठमोठ्या कंपन्यांमध्ये पहिला प्रश्न हाच होता की ही लायब्ररी आपल्याकडे आहे का आणि असली तर कुठे कुठे आहे. २.१५ आली, त्यात कसर राहिली म्हणून २.१६, मग २.१७, मग २.१७.१, हे सगळं त्याच डिसेंबरात. ज्यांचा अपडेटचा रस्ता आधीपासून वापरात होता त्यांनी तेच काम पुन्हा पुन्हा केलं आणि झोपले, ज्यांचा नव्हता त्यांची पहिल्याच फेरीत दमछाक झाली. मला तेव्हापासून पटलं आहे की अपडेट लवकर होणं महत्त्वाचं आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो छोटा असणं. छोटा असला की माणूस बसून वाचतो, मोठा असला की डोळे मिटून पास करतो किंवा पुढच्या महिन्यावर ढकलतो. रेनोव्हेट मला आवडतो तो याच एका कारणासाठी, तो अपडेट छोटे करून समोर आणतो.

करतो काय, तर तुमची रिपॉझिटरी (प्रोजेक्टचा कोड ठेवायची जागा) वाचतो, कोणकोणत्या फायलींमध्ये कशाकशाची आवृत्ती लिहून ठेवली आहे ते शोधतो, त्याची नवी आवृत्ती आली का ते एनपीएम (जावास्क्रिप्टचं), पायपीआय (पायथनचं), डॉकर हब अशा भांडारांत पाहतो आणि आली असली तर बदल करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल तपासून घ्या अशी विनंती, टाकतो. २०१७ पासून आहे, २०१९ मध्ये व्हाइटसोर्सनं घेतला, त्या कंपनीचं नाव आता मेंड. कोड मात्र एजीपीएल लायसन्सखाली उघडा आहे, स्वतःच्या सर्व्हरवर फुकट चालवता येतो, आणि गिटहबवर असाल तर त्यांचं तयार अ‍ॅप लावलं की सर्व्हरचीही कटकट नाही. गिटलॅब, बिटबकेट, अझुर डेव्हॉप्स, गिटी, फोरजो, अशा कोड ठेवायच्या बाकीच्या ठिकाणीही चालतो. आमच्यासाठी हा मोठा मुद्दा होता कारण काही कोड गिटहबवर आहे आणि काही क्लायंटच्या स्वतःच्या गिटलॅबवर, आणि दोन्हीकडे एकच सवय लागावी असं वाटत होतं.

लावायचं काम खरंच सोपं आहे. अ‍ॅपला रिपॉझिटरीची परवानगी दिली की तो आधी काहीच बदलत नाही, "कॉन्फिगर रेनोव्हेट" नावाची एक पुल रिक्वेस्ट टाकतो आणि त्यात लिहून देतो की मला तुमच्याकडे हे हे सापडलं आणि तुम्ही हो म्हटलं तर मी असं असं करीन. ती मर्ज करेपर्यंत, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेईपर्यंत, तो गप्प बसतो. आमच्या अडतवाल्या प्रोजेक्टमध्ये त्यानं पायथनची यादी आणि रिअ‍ॅक्टची यादी तर काढलीच, पण डॉकरफाइलमधली पायथनची बेस इमेज (डबा ज्यावर उभा राहतो तो तयार पाया), कंपोज फाइलमधले (कोणते डबे एकत्र चालवायचे त्या यादीतले) पोस्टग्रेस आणि रेडिस, सीआयच्या (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेच्या) फाइलमधल्या अ‍ॅक्शन्स, हे पण काढलं. पॅकेज म्हटलं की आपल्या डोक्यात फक्त पहिल्या दोन याद्या येतात. बेस इमेज कोणी अपडेट करायची असते हे आमच्याकडे कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं आणि बहुतेक छोट्या टीममध्ये नसते.

मर्ज केल्यावर पूर येईल अशी भीती बऱ्याच जणांना असते. येत नाही, कारण मुळातच तासाला दोन आणि एका वेळी दहा उघड्या पुल रिक्वेस्ट अशी मर्यादा घातलेली आहे. बाकीचे सगळे "डिपेन्डन्सी डॅशबोर्ड" नावाच्या एका इश्यूमध्ये (प्रोजेक्टच्या पानावरच्या नोंदीत) यादी करून ठेवतो, चौकोनावर टिक केलं की तो अपडेट लगेच मागवता येतो. आम्ही टाइमझोन आशिया/कोलकाता टाकला आणि वेळ सोमवारी पहाटेची दिली, म्हणजे सोमवारी सकाळी सगळे येईपर्यंत टेस्ट पण चालून गेलेल्या असतात. लिंटर आणि फॉरमॅटरवाले (कोडच्या चुका दाखवणारी आणि मांडणी नीट करणारी टूल) सगळे एका गठ्ठ्यात, त्यांचे छोटे अपडेट टेस्ट पास झाल्या तर आपोआप मर्ज. क्लायंटच्या पैशाला किंवा डेटाला हात लावणारं काहीही आपोआप मर्ज होत नाही, ते माणूसच करतो.

आता एक पुल रिक्वेस्ट उघडून दाखवतो. वर एक छोटा तक्ता, पॅकेजचं नाव, कुठून कुठे, ही आवृत्ती येऊन किती दिवस झाले, आणि कॉन्फिडन्सचा बिल्ला, म्हणजे इतर लोकांच्या रिपॉझिटरीत हाच अपडेट गेला तेव्हा टेस्ट टिकल्या का, किती लोकांनी घेतला, यावरून काढलेला अंदाज. त्याच्या खाली रिलीज नोट्स, आपल्या आणि नव्या आवृत्तीच्या मधल्या सगळ्या, ओळीनं. हे खालचं जे आहे नं, तेच सगळ्यात मोलाचं. आधी कोण जात होतं प्रत्येक पॅकेजच्या पानावर चेंजलॉग शोधायला? आता तो समोरच असतो म्हणून वाचला जातो.

एक उदाहरण देतो, नाव घेत नाही कारण लायब्ररीचा दोष म्हणून सांगत नाही आहे. अडत्याच्या हिशेबपट्टीची पीडीएफ आम्ही एका पायथन लायब्ररीनं बनवतो, शेतकऱ्याचं नाव, माल, वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं मराठीत. त्या लायब्ररीचा किरकोळ आकड्याचा अपडेट आला आणि पुल रिक्वेस्ट लाल झाली. आमची टेस्ट एक नमुना पट्टी बनवते, तिच्या पानाचं चित्र काढते आणि आधीच्या चित्राशी ताडून पाहते. दोन्ही चित्रं बाजूबाजूला ठेवली तर आकडे सगळे बरोबर, रकाने बरोबर, फक्त मालाच्या रकान्यात "संत्रा" चा त्र फुटलेला, त चा पाय मोडून दिसत होता आणि र वेगळा पडला होता. खालीच रिलीज नोट्समध्ये ओळ होती की अक्षरं जोडायचं काम आता वेगळ्या सेटिंगवर टाकलं आहे, ते चालू करावं लागेल. एक ओळ बदलली, टेस्ट हिरवी, मर्ज. संत्र्याच्या मोसमात कळमन्यात दिवसाला किती पट्ट्या फाटतात ते ज्याला माहीत आहे त्याला कळेल की ही गोष्ट छापल्यावर लक्षात आली असती तर काय झालं असतं. आणि हाच बदल वीस पॅकेजच्या एका मोठ्या अपडेटमध्ये आला असता तर तो कोणामुळे झाला ते शोधतानाच संध्याकाळ झाली असती. (मराठी, हिंदी छापणाऱ्या प्रत्येकानं अशी चित्रवाली एक तरी टेस्ट ठेवाच, इंग्रजी अक्षरांवर लिहिलेल्या टेस्टमध्ये हे कधीच सापडत नाही.)

आता जिथे डोकं लावावं लागते ते सांगतो. रेनोव्हेट आकडा वाचतो, आकड्यामागचा अर्थ दर वेळी त्याला कळत नाही. मेजर, मायनर, पॅच (आवृत्तीचा पहिला, दुसरा, तिसरा आकडा, म्हणजे मोठा बदल, छोटी भर, दुरुस्ती) ही पद्धत सगळे सारखीच पाळत नाहीत. जँगोचंच घ्या, ५.१ वरून ५.२ हा आकड्यानं मायनर दिसतो पण जँगोमध्ये ती नवी फीचर रिलीज असते, आधी इशारा देऊन ठेवलेल्या जुन्या गोष्टी काही आवृत्त्यांनंतर काढल्या जातात. म्हणून जँगोला आमचा वेगळा नियम आहे, फक्त एलटीएसवरून (जास्त काळ सपोर्ट असलेल्या आवृत्तीवरून) एलटीएसवर जायचं, मधल्या आवृत्त्या नको. ४.२ ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंत आणि ५.२ ची एप्रिल २०२८ पर्यंत, तेवढं कॅलेंडर डोळ्यासमोर असलं की पुरे. मधल्या सिक्युरिटीच्या पॅच आवृत्त्या मात्र आल्या की लगेच.

त्याहून जास्त सांभाळायचं म्हणजे पोस्टग्रेस. कंपोज फाइलमध्ये पोस्टग्रेस १५ लिहिलं असलं तर रेनोव्हेट खुशाल १६ ची पुल रिक्वेस्ट टाकेल, एका आकड्याचा बदल, दिसायला एकदम निरुपद्रवी, आणि सीआय तर रिकामा डेटाबेस घेऊन चालते म्हणून टेस्ट पण हिरव्या. पण खऱ्या सर्व्हरवर १५ नं लिहिलेल्या डेटाच्या फायली १६ उघडतच नाही, सर्व्हर सुरूच होत नाही. त्यासाठी डंप घेऊन परत भरावा लागतो किंवा पीजी-अपग्रेड चालवावं लागते. म्हणून पहिल्याच दिवशी पोस्टग्रेसचे मेजर अपडेट बंद करणारा नियम टाका, हे मी प्रत्येकाला सांगतो. १५ च्या आतल्या आतले छोटे अपडेट बिनधास्त घ्या, त्यात फायलींचा ढाचा बदलत नाही.

आता ज्या सेटिंगमुळे माझा या टूलवर विश्वास बसला ती. मिनिमम रिलीज एज. म्हणजे नवी आवृत्ती आल्या आल्या घ्यायची नाही, ठरवलेले दिवस जाऊ द्यायचे. आम्ही एनपीएमसाठी आठवडा ठेवला आहे. कारण सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग यांच्यासारखी पॅकेजेस, जी सगळी मिळून आठवड्याला दोन अब्जांहून जास्त वेळा डाउनलोड होतात, त्यांच्या मेंटेनरला (ती सांभाळणाऱ्या माणसाला) एनपीएमच्या नावानं खोटा ईमेल आला, अकाउंट गेलं आणि क्रिप्टोचे पैसे वळवणारा कोड घातलेल्या आवृत्त्या बाहेर पडल्या. काही तासांतच लक्षात आलं आणि त्या काढून टाकल्या. म्हणजे त्या काही तासांत ज्यांनी ताजं ताजं उचललं तेच सापडले, आठवडा थांबणाऱ्याला त्याची झळसुद्धा लागली नाही. आणि हे थांबणं सिक्युरिटीच्या दुरुस्तीला आडवं येत नाही, ज्या आवृत्तीत ओळखीचं भोक बुजवलेलं असते ती रेनोव्हेट वेळापत्रक आणि थांबायचे दिवस दोन्ही बाजूला ठेवून लगेच आणतो. गिटहबवर सिक्युरिटीच्या सूचना चालू असल्या की हे आपोआप होते कारण तो गिटहबच्याच सूचना वाचतो, गिटलॅबवर त्यासाठी ओएसव्ही (ओपन सोर्स कोडमधल्या भोकांची यादी) वाचायचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो आणि तो अजून प्रायोगिक आहे, हे लक्षात ठेवा.

पण थांबल्यानं सगळंच टळते असं समजू नका. एक्सझेडचं प्रकरण पाहा. लिनक्सवर फायली दाबून छोट्या करायची लायब्ररी, जवळपास प्रत्येक सर्व्हरवर असते. तिथे जिया टॅन नावानं कोणीतरी २०२१ पासून हळूहळू मदत करत करत विश्वास मिळवला, रिलीज काढायचा अधिकार मिळवला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० मध्ये मागचं दार घातलं. ते पकडलं गेलं २९ मार्चला, महिन्याहून जास्त वेळानं, आणि तेसुद्धा आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएच (दुरून सर्व्हरवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा लावावासा वाटला म्हणून. आठवड्याची सेटिंग इथे कामाची नव्हती. ज्यांचे सर्व्हर डेबियन स्टेबलवर (डेबियन या लिनक्सच्या पारखून काढलेल्या आवृत्तीवर) होते ते वाचले कारण स्टेबलमध्ये ती आवृत्ती आलेलीच नव्हती. म्हणून आमची मांडणी अशी आहे की सर्व्हरच्या सिस्टिमची पॅकेजेस डेबियन स्टेबलची, तिथे डेबियनचे लोक जे पारखून देतात ते घ्यायचं, आणि आपल्या अ‍ॅप्लिकेशनच्या लायब्ररी रेनोव्हेटकडे.

एक्सझेडचा विषय निघाला तर हेही लिहितोच. त्या लायब्ररीचा मूळ मेंटेनर लॅसे कॉलिन हा माणूस वर्षानुवर्षं ते काम बिनपगारी करत होता, २०२२ मध्ये त्यानं मेलिंग लिस्टवर स्वतः सांगितलं होतं की मानसिक तब्येतीमुळे पहिल्यासारखं काम होत नाही आणि हा फावल्या वेळातला बिनपैशाचा प्रोजेक्ट आहे. लोक त्याच्यामागे लागले होते, रिलीज का नाही, दुसऱ्याच्या हातात का देत नाही. त्यातूनच तो अधिकार दुसऱ्याकडे गेला. आपण इथे बसून क्लायंटला बिल लावतो आणि ज्याच्या कोडवर ते बिल उभं आहे त्याची ही अवस्था, हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं आणि अजूनही वाटते. रेनोव्हेटनं हे सुटत नाही, उघड आहे. पण एक फरक आमच्या ऑफिसात पडला तो खरा आहे. दर सोमवारी रिलीज नोट्स वाचता वाचता ही पॅकेजेस लिहिणारी माणसं आहेत हे पोरांच्या डोक्यात बसलं. त्र फुटला तेव्हा आमच्याकडच्या एका ज्युनिअर मुलीनं मर्ज करून सोडून नाही दिलं, कोणत्या आवृत्तीपर्यंत बरोबर होतं, कोणत्यापासून बिघडलं, देवनागरीतला चार ओळींचा नमुना आणि दोन्ही चित्रं असा नीट इश्यू टाकला आणि कागदपत्रांमध्ये भारतीय लिप्यांसाठी ही सेटिंग लागते अशी ओळ घालायची पुल रिक्वेस्ट पण दिली. मेंटेनरनं आभार मानून घेतली. एकेक आवृत्तीनं वर जाणाऱ्यालाच असा नेमका इश्यू लिहिता येतो, चार वर्षांची उडी मारणारा फक्त "चालत नाही" एवढंच लिहू शकतो, आणि तशा इश्यूनीच ही माणसं थकतात.

आता तक्रारी, म्हणजे टूलच्याच.

सेटिंग्ज प्रचंड आहेत. डॉक्युमेंटेशन चांगलं आहे पण पर्यायांची यादी इतकी लांब की नवा माणूस घाबरतो, आणि एकाच गोष्टीचे तीन रस्ते असतात. तयार प्रीसेट (सेटिंग्जचा संच) घेऊन सुरुवात करा आणि नियम एकेक वाढवा, दुसऱ्याची चारशे ओळींची फाइल आणून चिकटवू नका.

सीआयचे मिनिट जातात. प्रत्येक पुल रिक्वेस्टवर टेस्ट चालतात, एक मर्ज झाली की बाकीच्या रिबेस होऊन (नव्या मुख्य कोडवर परत मांडल्या जाऊन) परत चालू शकतात. फुकटच्या मिनिटांवर असाल तर रिबेस फक्त कॉन्फ्लिक्ट आल्यावर, आणि गठ्ठे मोठे, असं ठेवा. गठ्ठे मोठे केले की वाचणं कमी होते, त्यामुळे इथे ज्यानं त्यानं आपला हिशेब पाहावा, आमचं मत असं की थोडे पैसे जाऊ द्यावे पण अपडेट छोटे राहू द्यावे.

स्वतःच्या सर्व्हरवर चालवाल तर रेनोव्हेटला स्वतःलाच अपडेट करत राहावं लागते आणि त्याच्या आवृत्त्या इतक्या पटापट येतात की तेही एक काम होऊन बसते. गिटलॅबवर असलात तरी गिटहबचा एक वाचायपुरता टोकन द्यावा लागतो, नाहीतर रिलीज नोट्स रिकाम्या येतात, आणि नोट्सच नाही तर मग त्याला अर्थ काय राहिला.

आणि कोड तो बदलून देत नाही. रिअ‍ॅक्टची मोठी आवृत्ती आली तर तो आकडा बदलेल, तुमचे कंपोनंट तुम्हालाच नीट करायचे आहेत. त्यासाठी वेगळा वेळ काढा, सोमवारच्या सकाळी ते होत नाही. तसंच जे पॅकेज मेंटेनरनं सोडूनच दिलं आहे त्याचे अपडेट येणार कुठून, ते गप्प असते आणि गप्प आहे म्हणून ठीक आहे असं वाटत राहते. बरेच दिवस न हललेली पॅकेजेस डॅशबोर्डवर दाखवायची सोय आता त्यात आली आहे, ती चालू करून ठेवा.

डिपेंडाबॉट या असंच काम करणाऱ्या दुसऱ्या बॉटचं विचाराल तर तोही चांगलाच आहे. २०१९ मध्ये गिटहबनं घेतला, आता गिटहबमध्येच बसलेला आहे, एक छोटी फाइल टाकली की सुरू. २०२३ पासून त्यातही गठ्ठे करता येतात. तुमचं सगळं गिटहबवर आहे, प्रोजेक्ट दोन-तीन आहेत आणि बारीक नियम नको आहेत, तर डिपेंडाबॉटच लावा, उगाच जास्तीचं ओझं नको. आम्हाला गिटलॅब, डॅशबोर्ड आणि पॅकेजनिहाय नियम पाहिजे होते म्हणून आम्ही इकडे आलो.

पैशाचं पण बोलायला पाहिजे राजेहो, कारण खरी अडचण तिथेच असते. टूल फुकट आहे, सोमवारचा वेळ फुकट नाही. आम्ही एएमसीमध्ये (वार्षिक देखभाल करारात) पॅकेज देखभाल अशी वेगळी ओळ टाकली. अडत्यानं विचारलं, भाऊ हे कायचे पैसे? त्याला मर्ज झालेल्या सिक्युरिटी अपडेटची यादी दाखवली, तारीख, काय होतं, काय झालं असतं, प्रत्येकी एक ओळ, मराठीत. ती यादी बनवायला काही करावं लागत नाही, रेनोव्हेटच्या पुल रिक्वेस्टवर सिक्युरिटीचा शेरा असतोच, तेवढ्या गाळायच्या. त्यानं वाचली आणि म्हणाला, म्हणजे आमच्या काट्याची दर वर्षी पासिंग करावी लागते तसं, काटा बरोबर असला तरी. बस, त्याच्यानंतर त्या ओळीवर घासाघीस झाली नाही. बाकी क्लायंटलाही आता तीच यादी पाठवतो.

सुरू करायचं असेल तर सगळ्या रिपॉझिटरीवर एकदम लावू नका. ज्यात टेस्ट बऱ्यापैकी आहेत असा एक प्रोजेक्ट घ्या. आपोआप मर्ज बंद ठेवा. मेजर अपडेट डॅशबोर्डवर टिक केल्याशिवाय येऊच नये असा पर्याय आहे तो लावा, पोस्टग्रेसचा नियम टाका, एनपीएमला आठवडाभर थांबायला सांगा. पहिल्या सोमवारची यादी लांबलचक दिसेल, त्यात सिक्युरिटीचा शेरा असलेले आधी उचला, एकेक करून, नोट्स वाचून. बाकीचे पुढच्या सोमवारपर्यंत थांबतात.